आसंधाचे मूळ : जाड हवे की गुणी?

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. झोप लागत नाही म्हणून मी त्यांना रात्री दुधातून आसंधाचे, म्हणजेच अश्वगंधाचे चूर्ण घ्यायला सांगितले होते. पहिल्या पुडीने त्यांना बरे वाटले. ती संपल्यावर त्यांनी दुसऱ्या दुकानातून पुडी आणली. तेवढेच चूर्ण, तेवढेच दूध. पण गुण येईना. त्यांनी विचारले, ‘‘वैद्यराज, औषध तेच ना?’’

एकाच रुग्णाच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. झोप उडायला इतरही कारणे असतात. पण छातीठोकपणे ‘हो’ म्हणणे मला जमले नाही.

आसंधाच्या मुळात विथॅनोलाइड नावाची द्रव्ये असतात. औषधी गुणाचा बराचसा भाग त्यांच्याकडे जातो, असे संशोधक मानतात. त्यांचे प्रमाण वाणागणिक, जमिनीगणिक आणि काढणीच्या वेळेनुसार बदलते. समजा, एका मुळात ते दुसऱ्याच्या दुप्पट आहे. मग तीन ग्रॅमची मात्रा दोघांना सारखी कशी लागू पडणार?

आपल्याकडचा पुष्कळसा आसंध मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागातून येतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पेरणी आणि पाच-सहा महिन्यांनी मुळांची खोदाई, असा त्याचा क्रम. बाजारात भाव मिळतो तो जाड, लांब, पांढऱ्या आणि कटकन मोडणाऱ्या मुळाला. असे मूळ पिठूळ असते. पण पिठूळपणा म्हणजे पिष्ट, विथॅनोलाइड नव्हे. डोळ्यांना जाडी दिसते, द्रव्य दिसत नाही.

ते पाहण्याचे काम शास्त्रज्ञांनी केले आहे. ठिकठिकाणची झाडे आणून शेजारी-शेजारी लावायची, मुळांची प्रयोगशाळेत तपासणी करायची, सरस झाडांचे बी राखून पुढच्या पिढ्यांतही तो गुण टिकतो का ते पाहायचे, असे हे चिकाटीचे काम. मंदसौरमधून ‘जवाहर आसगंध’ वाण आले. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘पोषिता’सारखे वाण दिले.

माझे काही वैद्यमित्र म्हणतात, ‘‘आयुर्वेद अख्खे मूळ पाहतो, एक द्रव्य कशाला मोजायचे?’’ आक्षेप रास्त आहे. पण औषधी कोणत्या भूमीतली घ्यावी, कोणत्या ऋतूत घ्यावी, याचा विचार चरकसंहितेच्या कल्पस्थानातही आहे. औषध पारखून घेणे ही आपलीच जुनी शिकवण. वाण निवडणे आणि मूळ तपासणे ही तिचीच पुढची पायरी, असे मला वाटते.

मात्र द्रव्य जितके जास्त तितके चांगले, असेही नाही. पानांत विथाफेरिन-ए हे द्रव्य पुष्कळ असते, म्हणून पानांचा अर्क मिसळण्याचा मोह होतो. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना दिली. आसंध घेणाऱ्या काहींच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत. गर्भवतींनी तो घेऊ नये; थायरॉईड वा यकृताचा विकार असणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

तेव्हा माझे मागणे साधे आहे. भाव ठरवताना जाडीबरोबर तपासणीचा दाखलाही पाहावा. चूर्णाच्या डब्यावर वाण, काढणीचे वर्ष आणि विथॅनोलाइडचे प्रमाण छापावे. शेतकरी बंधूंनी बियाणे घेताना वाणाचे नाव विचारावे, सरमिसळ बी घेऊ नये. आणि वाचकहो, चूर्ण मुळाचेच आहे ना, एवढे तरी आपण दुकानात विचारावे. गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदार विचारतो, आणि दुकानदाराने विचारले की कारखानदाराला उत्तर द्यावे लागते.

त्या गुरुजींना मी खरे ते सांगितले, ‘‘नाव तेच आहे. औषध तेच आहे का, हे डब्यावर लिहिलेले नाही.’’