तिसावा रोजा आणि केळीची उधारी

रमजान 29 दिवसांचा की 30 दिवसांचा, हे 29व्या रोजाच्या संध्याकाळी चंद्रदर्शनावर ठरते. फळबाजाराला मात्र तोवर थांबता येत नाही. रावेर-यावलची केळी शहरात हिरवी येतात. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन देऊन ती पिकवायला चार-पाच दिवस लागतात. म्हणजे तिसाव्या इफ्तारची केळी 25व्या रोजाच्या सुमारासच चेंबरमध्ये ठेवावी लागतात. चांद एक दिवस आधी दिसला, तर तिसावा रोजाच नसतो आणि पिकलेला माल हातगाडीवर पडून राहतो.

खरी मेख उधारीत आहे. हातगाडीवाला घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलतो, पैसे विक्रीनंतर देतो. उचलताना खिशाला झळ बसत नाही, म्हणून दोन क्रेट जास्तच उचलले जातात. पिकलेली केळी दोन-तीन दिवसांत काळी पडतात. वहीतली बाकी मात्र तशीच राहते. महिनाभराची कमाई शेवटच्या रात्री तिच्यात जाऊ शकते.

उधारीची मुदत मालाच्या आयुष्याप्रमाणे असावी. खजूर महिनोन्महिने टिकतो, त्याची उधारी लांबली तरी चालते. केळी-पपई रोजच्या रोज, थोडीच उचलावी. तिसाव्या दिवसाचा माल निम्माच घ्यावा आणि उरलेल्याचा तोटा कोणी किती सोसायचा, हे दोघांनी माल उचलतानाच ठरवावे. अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यावी, असे कुरआन सांगते. त्यात व्यापाऱ्याचाही फायदा आहे: बाकीखाली दबलेला हातगाडीवाला पुढच्या रमजानला त्याच्याकडे माल घ्यायला कुठून येणार?