परवान्यावरची भाकरी

शिरूर तालुक्यातील कवठे येमाईहून रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या तरुणाला वाटेत कोणी अडवीत नाही. त्याचे ओळखपत्र प्रथम तपासले जाते ते कारखान्याच्या फाटकावर. कंत्राटदाराशी बिनसले आणि ते फाटक बंद झाले, तर तो सणसवाडीला जातो, चाकणला जातो. तेथेही न जमल्यास निदान घरी परतून दुसऱ्या कामाचा शोध घेतो. ही मोकळीक इतकी अंगवळणी पडली आहे की, तिची किंमत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. संविधानाच्या १९ व्या कलमाने दिलेले संचाराचे व व्यवसायाचे स्वातंत्र्य रोजच्या व्यवहारात दिसते ते असे. मजुराच्या हाती भांडवल नसते. एक दार सोडून दुसऱ्या दारी जाण्याचा अधिकार हीच त्याची खरी ठेव. ती हिरावून घेतली म्हणजे श्रमाची काय अवस्था होते, हे पाहावयाचे असेल तर पॅलेस्टिनी मजुराच्या पहाटेकडे पाहिले पाहिजे.

ऑक्टोबर २०२३ पर्यंत पश्चिम किनाऱ्यावरील दीड लाखाच्या आसपास पॅलेस्टिनी परवाना घेऊन इस्रायलमध्ये व तेथील वसाहतींत कामाला जात. त्यांतील बहुसंख्य बांधकामावरचे: गवंडी, फरशी बसविणारे, सळई बांधणारे. बेथलेहेमचा नाका, हेब्रॉनजवळील तारकुमिया, कल्किल्याजवळील एयाल ही नावे त्यांच्या तोंडी आपल्याकडील एस. टी. स्थानकांच्या नावांसारखी बसलेली. रात्री दोन-तीन वाजता उठावयाचे, नाक्यावर लोखंडी गजांच्या अरुंद मार्गिकेत शेकडो माणसांत उभे राहावयाचे, फिरत्या दांड्यांच्या फाटकातून एकेकाने सरकावयाचे, मग कार्ड, हाताचे ठसे, परवाना. यातून जो पार पडे तो पलीकडे उभ्या असलेल्या गाडीत बसे आणि उजाडल्यावर कामावर हजर होई. अंतर पाहू जाता ते अनेकदा तासाभराचेही नव्हते. मजुराचा अर्धा दिवस खाऊन टाकीत होता तो नाका. त्या वेळेची मजुरी कोणी देत नव्हते.

हा परवाना मुळात कसा आला, हे पाहणे उद्‌बोधक आहे. १९६७ च्या युद्धात पश्चिम किनारा व गाझा इस्रायलच्या ताब्यात आले. १९७२ मध्ये तेथील रहिवाशांना सरसकट प्रवेशमुभा देण्यात आली. दिवसा कामाला यावे, रात्री परत जावे, अशी तिची अट होती. श्रम हवेत, पण श्रम करणारा माणूस वस्तीला नको, हे सूत्र तेव्हाच ठरले. १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या सुमारास सरसकट मुभा जाऊन व्यक्तिगत परवाना आला. १९९३ मध्ये सीमाबंदी कायमची झाली आणि २००२ पासून भिंत उभी राहू लागली. या भिंतीचा व्याप्त प्रदेशातून जाणारा भाग बेकायदेशीर असल्याचे मत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये दिले. भिंत मात्र हलली नाही.

परवाना दीर्घकाळ मालकाच्या नावाशी बांधलेला होता. मालकाने नोकरीवरून काढले की परवाना गेला, आणि परवाना गेला की रस्ता गेला. अशा व्यवस्थेत वेतनाची थकबाकी मागण्याचे किंवा पडक्या परातीवर चढण्यास नकार देण्याचे धैर्य कोणी करावे? त्यातूनच दलालांचा धंदा फोफावला. हजारो मजूर केवळ परवान्यासाठी महिन्याला दोन हजारांहून अधिक शेकेल दलालाला मोजीत. डिसेंबर २०२० मध्ये बांधकामक्षेत्रात मालक बदलण्याची मुभा देणारी सुधारणा झाली. पण दलाल हटले नाहीत. तरीही माणसे जात राहिली, कारण पलीकडची मजुरी अलीकडच्या दुपटीहून अधिक होती.

इस्रायलचा युक्तिवाद सुरक्षिततेचा आहे, आणि तो सर्वस्वी पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या उठावाच्या काळात तेथील बसगाड्यांत आणि उपाहारगृहांत आत्मघातकी स्फोट झाले; ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली. परंतु त्यानंतर परवाने रद्द झाले ते संशयितांचे नव्हेत, जवळजवळ सर्वांचे. वर्षानुवर्षे ज्यांची तपासणी झाली होती त्या मजुरांना परत येऊ द्यावे, असे मत इस्रायलच्या सुरक्षायंत्रणेतूनच पुढे आले. राजकीय नेतृत्वाने ते मानले नाही. पश्चिम किनाऱ्यावर १३ टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी ३० टक्क्यांच्या वर गेली. काही मजूर भिंतीवरून चढून, गोळीचा धोका पत्करून कामाला जाऊ लागले. रांगेचा जाच संपला, पण त्याबरोबर चूलही विझली.

महाराष्ट्राला पासाचा हा अनुभव अगदीच अपरिचित नाही. २०२० च्या टाळेबंदीत जिल्ह्याची हद्द ओलांडण्यास ई-पास लागे. घोडनदीकाठच्या शिरूरकरांना पुणे आणि नगर या जिल्ह्यांमधील हद्द म्हणजे काय, हे तेव्हा प्रथमच जाणवले. ते निर्बंध साथीचे होते, सर्वांना होते आणि २ सप्टेंबर २०२० रोजी उठले. त्याहून जुना आणि जिव्हारी लागणारा पास वेगळा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. पुढे या कायद्याखाली त्यांच्यावर हजेरी आणि पासाची सक्ती झाली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीत राहणारी माणसे गिरण्यांत राबत आणि हजेरीला परत येत. गिरणीला त्यांचे हात हवे होते. शहराला ती माणसे नको होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. पण पारधी वस्तीवर अजूनही पडणारी संशयाची नजर पाहिली म्हणजे कळते की, तार काढणे सोपे असते, तारेने घातलेली सवय काढणे कठीण.

आता हा प्रश्न पुण्याच्या दाराशी आला आहे तो वेगळ्याच वाटेने. इस्रायलला ४२ हजार भारतीय कामगार पाठविण्याचा करार मे २०२३ मध्ये, म्हणजे युद्धापूर्वीच, झाला होता. युद्धानंतर पॅलेस्टिनींच्या रिकाम्या जागांमुळे त्याला वेग आला. जानेवारी २०२४ मध्ये रोहतक व लखनौ येथे भरती झाली. महिना सुमारे १ लाख ३७ हजार रुपये वेतनाच्या आकड्याने रांगा लागल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये १० हजार बांधकाम कामगार आणि ५ हजार शुश्रूषा-साहाय्यक यांची मागणी घेऊन ही भरती महाराष्ट्रात आली. भारतातील अनेक केंद्रीय कामगार संघटनांनी या पाठवणीला विरोध केला होता. जाणाऱ्या तरुणाला मात्र दोष देता येणार नाही. दोन एकर जिरायतीवर आणि कंत्राटी पगारावर ज्याचे लग्न अडले आहे, त्याला नीतीचा उपदेश करण्याचा अधिकार नोकरीची शाश्वती असणाऱ्यांना नाही.

परंतु त्याला संपूर्ण माहिती देणे हे शासनाचे आणि सुशिक्षितांचे कर्तव्य आहे. मार्च २०२४ मध्ये लेबनॉनच्या सीमेजवळ क्षेपणास्त्र पडून केरळचा एक कामगार ठार झाला, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. परदेशी कामगाराला एकाच मालकाशी जखडणारी पद्धत ही आधुनिक गुलामगिरीच होय, असे इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले होते, हेही ठाऊक असले पाहिजे. तेथे पोहोचल्यावर त्याचा व्हिसा कामाशी बांधलेला असेल. तोही परवान्यावरचाच मजूर असेल. आज पॅलेस्टिनी नको म्हणून भारतीय हवा. उद्या भारतीयाने थकलेले वेतन मागितले तर आणखी कोणा देशाचा मजूर हवा होईल. दोघांच्या स्पर्धेत लाभ होतो तो परवाना देणाऱ्या हाताचा.

भारताने १९७४ मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला आणि १९८८ मध्ये पॅलेस्टिनी राष्ट्राला मान्यता दिली. इस्रायलशी राजदूतपातळीवरील संबंध १९९२ मध्ये जोडले. दोन्ही नाती राखण्यात मुत्सद्देगिरी आहे, हे मान्य केले तरी एक अपेक्षा रास्त ठरते. कामगार पाठविणाऱ्या देशाने मालक बदलण्याचा, वेतन थेट मिळण्याचा व संकटात परतण्याचा अधिकार करारात लिहून घ्यावा आणि तो पाळला जातो की नाही, हे संसदेला वेळोवेळी सांगावे. गांधींनी १९०८ मध्ये जोहान्सबर्गला नोंदणीचे दाखले जाळविले, ते परक्या देशात पोट भरण्यासाठी गेलेल्या भारतीयांचेच होते. भाकरी मिळविण्यासाठी माणसाने आपली मोकळीक गहाण ठेवू नये, हा त्या होळीचा अर्थ होता. बेथलेहेमच्या नाक्यावरील गवंड्याला आणि कवठे येमाईच्या तरुणाला तो सारखाच लागू आहे.