देवपुरातली मुकी मंडळी

देवपुरातल्या एका मंडळीत रविवारच्या उपासनेला बसलो होतो. पुढे कीबोर्ड, ड्रम, गिटार आणि माइक धरलेली पाच मुलं. गाण्याचे शब्द पडद्यावर, बहुतेक हिंदीत. मधेच वीज गेली. पडदा काळा झाला आणि गाणं तिथेच तुटलं, कारण पुढची ओळ कुणालाच पाठ नव्हती. सगळे जनरेटरची वाट बघत बसले. शेजारच्या आजीच्या मांडीवर 'उपासना संगीत' होतं, मिटलेलं. बाहेर आल्यावर मात्र ती नातवाशी अहिराणीत घडाघडा बोलत होती.

म्हणजे पांझरेच्या काठी घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि देवाशी हिंदी, तीही पुष्कळदा इंग्रजीवरून उतरवलेली!

जुन्याचं सोवळं मला नको आहे. मिशनऱ्यांचा ऑर्गनही परकाच होता, आपल्या गीतपुस्तकातल्या कितीतरी चालीही विलायती आहेत. पण त्या मंडळी गात होती. आता पाच जण गातात, बाकीचे बघतात. माझं भांडण याच्याशी आहे.

1616 साली गोव्यात छापलेलं ख्रिस्तपुराण फादर स्टीफन्स या इंग्रज माणसाने ओवीत रचलं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंग रचले, कीर्तनं केली आणि 1917 साली मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. अभंगाची ओळ पुढचा म्हणतो, मागचे उचलतात; अक्षरओळख नसलेल्यालाही दुसऱ्या फेरीला ती येते. त्याला पडदा लागत नाही, वीजही लागत नाही. टिळकांची जयंती-पुण्यतिथी आपण अजून करतो, हार घालतो. त्यांचे अभंग रविवारी किती वेळा म्हणतो?

पाळक म्हणतात, 'असं केलं नाही तर तरुण टिकत नाहीत.' व्यासपीठावरचे पाच टिकले, कबूल. खालचे मोबाइल चाळत होते, तेही तरुणच होते. आणि भिल्ल-पावरा वस्त्यांतून जे विश्वासी येतात, त्यांना त्यांच्या बोलीत निदान प्रार्थना तरी करू द्या. दुरुस्त मराठी येईपर्यंत देव थांबवून ठेवलाय का?

येत्या वार्षिक सभेत नव्या स्पीकरचा ठराव येईल. तेव्हा कुणीतरी उठून विचारावं, टाळांचे दहा जोड कितीला पडतात?