घरचें आरोग्य : शोक अंगांत मुरतो तेव्हां

आपल्या घरांतून दुखवट्याचे दिवस सरले कीं सर्वांची धांव शोकग्रस्त माणसाच्या मनाकडे असते. कोणी पोथी आणून देतें, कोणी समजुतीच्या चार गोष्टी सांगतें, कोणी 'आतां मन घट्ट करा' म्हणून जातें. त्या माणसाचे खांदे वर चढून तसेच राहिले आहेत, श्वास छातीच्या वरच्या वर अडकतो आहे, रात्रीं दांत आवळले जात आहेत, इकडे मात्र सहसा कोणाची दृष्टि जात नाहीं.

गिरगांवांतल्या आमच्या धाकट्या जाऊबाईंचें असेंच झालें. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वीं अपघातांत गेले. बातमी फोनवरून आली. तेव्हांपासून घरांत कोणाचाहि फोन वाजला कीं त्यांचें सारें अंग ताठ होई, हातांतलें भांडें खालीं पडे. सासूबाई अत्यंत प्रेमळ. "तूं कशाला हात लावूं नकोस, नुसती पडून राहा," असें म्हणून त्यांनीं सुनेला सर्व कामांपासून दूर ठेवलें. हेतु चांगला होता. परंतु पडून राहिल्यानें झोंप आली नाहींच, उलट दिवसहि रात्रीसारखे लांबले. पुढें कोणीतरी त्यांना एका योगवर्गांत नेलें. तेथें पहिल्याच दिवशीं शवासन करविण्यांत आलें. डोळे मिटतांच ती दुपार जशीच्या तशी समोर उभी राहिली, छाती धडधडूं लागली, आणि बाई वर्ग सोडून उठून आल्या. नंतर दोन महिने घरांत योगाचें नांव काढण्याची सोय नव्हती.

यांत शवासनाचा दोष नाहीं, हें आधीं सांगितलें पाहिजे. यौगिक क्रियांचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांनीं मोजण्याचें काम स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम काढून नेटानें चालविलें. पुढें आपल्याच परळच्या के. ई. एम्. रुग्णालयांत डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनीं रक्तदाबाच्या ४७ रोग्यांकडून रोज अर्धा तास शवासन करवून त्याचे परिणाम १९६९ सालीं प्रसिद्ध केले. औषध न घेणाऱ्या रोग्यांचाहि दाब उतरला, आणि कित्येकांचीं औषधें कमी करतां आलीं. त्याच रुग्णालयांत डॉ. एन्. एस्. वाहिया यांनीं पतंजलीच्या विचारांच्या आधारें मनोरुग्णांवर उपचार करून पाहिले.

मग जाऊबाईंना तें कां सोसलें नाहीं? संकट येतांच शरीर पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीला लागतें. हृदय जोरानें चालतें, स्नायु आवळतात. संकट सरलें तरी कांहीं जणांच्या शरीराला तें सरल्याची वर्दीच पोंचत नाहीं. अशा माणसाला डोळे मिटवून निश्चल निजविणें म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायाला झोंपेची सक्ति करणें होय. त्याला आधीं हालचाल हवी, तीहि सावकाश, आणि स्वतःच्या मर्जीची.

अमेरिकेंत डॉ. बेसेल व्हॅन डर कोल्क व त्यांचे सहकारी यांनीं मानसिक आघातानें दीर्घकाळ पीडलेल्या ६४ स्त्रियांवर १० आठवड्यांचा प्रयोग केला. तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. आठवड्यांतून एक तास सौम्य योग करणाऱ्या गटांत निम्म्याहून किंचित् अधिक स्त्रियांना त्या व्याधीचें निदान शेवटीं लागू पडेनासें झालें; दुसऱ्या गटांत हें प्रमाण साधारण पांचांत एक होतें. या प्रकारच्या योगांत शिक्षिका हुकूम सोडीत नाहीं, 'वाटल्यास हात उचलून पहा' एवढेंच म्हणते.

आम्हींहि तसेंच केलें. गॅलरीच्या कठड्याला धरून उभें राहावयाचें. डोळे उघडे, समोर गल्लींतली वर्दळ दिसते आहे. श्वास घेतांना खांदे उचलावयाचे, सोडतांना खालीं आणावयाचे. श्वास सोडतांना हृदयाची गति स्वभावतःच किंचित् मंदावते, म्हणून सोडणें जरा लांबवावयाचें. मग टांचा उचलणें, मनगटें फिरविणें. पांच मिनिटें पुरे. नको वाटलें कीं तेथेंच थांबावयाचें, आणि कारण कोणी विचारावयाचें नाहीं. ही शेवटची अट पाळणें सासूबाईंना फारच जड गेलें! पहिल्या आठवड्यांत दोनदां रडें आलें, येऊं दिलें. पुढें त्यांनीं आपण होऊन कणीक मळावयास घेतली, आणि मग संध्याकाळीं चौपाटीवर आम्ही दोघी चालूं लागलों.

डॉक्टरांचे उपचार अर्थात् चालूच होते. अन्न तुटलें, किंवा जगणें नको असें बोलणें तोंडीं आलें, तर त्याच दिवशीं मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावें. तेथें गॅलरींतले व्यायाम पुरे पडत नाहींत. वृद्धांनीं हेंच खुर्चींत बसून करावें.

सहा महिन्यांनीं एका दुपारीं त्या आपण होऊन सतरंजीवर आडव्या झाल्या. गुडघ्यांखालीं लोड, डोळे अर्धे उघडे. तेवढ्यांत आंतल्या खोलींत फोन वाजला. अंग दचकलें, पण त्या उठल्या नाहींत. लांब श्वास सोडला आणि म्हणाल्या, "जाऊबाई, कोणाचा आहे तो, बघा हो."