पुढचे पान कुठे आहे?

अकोल्याला माझी आई दरवर्षी प्रगटदिनी ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाचे एका बैठकीत पारायण करते. अध्याय २१. अलीकडे पोथीतली अक्षरे तिला दिसेनात, म्हणून मी अमरावतीत बसून तिच्यासाठी साधेसे संकेतस्थळ तयार केले. दासगणू महाराज १९६२ साली गेले, त्यामुळे ग्रंथावरचा हक्क २०२२ अखेर संपलेला. एका अध्यायाला एक पान, टपोरी अक्षरे, सुरुवातीला अनुक्रमणिका. मी स्वतःवर खूश होतो.

दुपारी फोन आला. “पोथीचं पान उलटलं का म्होरलं पान येते. तुह्या मोबाइलात दरखेपेस अनुक्रमणिकेतच कावून जा लागते?” नवव्यानंतर आपण कुठवर आलो तेच तिला आठवेना. पारायण मोडले होते. आता मी काय बोलणार?

बडनेऱ्याहून अकोल्याला निघालेल्या माणसाला मूर्तिजापुरात उतरवून ‘परत बडनेऱ्याला जा आणि पुढची गाडी धरा’ असे कोणी सांगते काय? जुन्या हस्तलिखित पोथ्यांची पाने सुटी असत, फडक्यात बांधलेली. पण लिहिणारा समासात पत्रांक घाली. पाने विस्कटली तरी क्रम सापडे. मी तेवढेही केले नव्हते.

उपाय वरवर सोपा. प्रत्येक पानाच्या तळाशी, जिथे वाचन संपते तिथे, ‘मागील’ आणि ‘पुढील’ असे दोन दुवे. पहिल्याला मागील नाही, शेवटच्याला पुढील नाही. म्हणजे एकूण ४०. मी ते हाताने टाकले आणि तेराव्याचा ‘पुढील’ पुन्हा तेराव्यावरच नेऊन ठेवला! शिवाय मध्ये एक पान घातले की शेजारची दोन्ही पाने उघडून दुरुस्त करा. शेवटी शहाणपण सुचले. अध्यायांचा क्रम एकाच यादीत लिहायचा आणि छोट्या प्रोग्रॅमने तीवरून सगळी पाने तयार करून घ्यायची. दुव्यावर नुसते ‘पुढील’ न लिहिता ‘अध्याय १० वा’ असे लिहावे, हेही आईमुळेच कळले.

सगळा ग्रंथ एकाच लांबलचक पानावर सरकत ठेवा, असे एका तरुण मित्राने सुचवले. मला ते पटत नाही. अध्याय संपला की पारायण करणारा क्षणभर थांबतो, हात जोडतो. ती जागा पुसून कसे चालेल?

एकविसाव्याखाली पुढे काही नव्हते. आई म्हणाली, तिथे आरती पाहिजे. यादीत एक ओळ वाढवली.