तारा तुटला म्हणून...

डिसेंबरच्या १३ तारखेची रात्र. इशाची नमाज झाल्यावर आम्ही घरातली सगळी मंडळी परसात सतरंज्या टाकून, गोधड्या पांघरून पडलो होतो. मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघायचा होता. बाहेरचा दिवा बंद, मोबाइल घरात. पहिली वीस मिनिटे काही दिसले नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. मग पूर्वेकडून एक पांढरी रेघ डोक्यावरून सर्रकन गेली. मुले ओरडली. धाकटीने मात्र गोधडी तोंडावर ओढली आणि हळूच विचारले, "दादी, आता कोण गेलं?"

तिच्या दादाजींचा मे महिन्यात इंतकाल झाला. त्या रात्री तारा तुटताना पाहिला होता, असे कुणीतरी तिच्यासमोर बोलून गेले होते. त्या एका वाक्यामुळे लेकरू इतके महिने आभाळाकडे बघायला भीत होते, हे आम्हाला तेव्हा कळले.

दादी उठून बसल्या. म्हणाल्या, "बेटा, हा प्रश्न फार जुना आहे." सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे. एका रात्री असाच तारा निखळला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सोबत्यांना विचारले, की अज्ञानकाळात तुम्ही याला काय म्हणत होता? ते म्हणाले, आज कुणी थोर माणूस जन्मला किंवा वारला, असे आम्ही समजत असू. प्रेषितांनी स्पष्ट सांगितले, की कुणाच्या मरणाने वा जन्माने तारा निखळत नाही.

खरे तर तारा तुटतच नाही. फेथॉन नावाचा एक लघुग्रह १९८३ मध्ये सापडला. त्याच्यापासून सुटलेली धूळ आणि खडे सूर्याभोवती फिरत असतात. दर डिसेंबरात पृथ्वी त्यातून जाते. वाळूच्या कणाएवढा खडा सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने हवेत शिरतो आणि जमिनीपासून ८०-१०० किलोमीटरवरच जळून जातो. आपल्याला दिसते ती त्याची रेघ.

हे ऐकून धाकटीने गोधडी खाली केली. थोड्या वेळाने ती मोजू लागली. एकवीसवर झोप लागली.

तुम्हीही मुलांना घेऊन बघा. दुर्बीण लागत नाही. उजेडापासून दूर, आडवे पडून शक्य तितके आभाळ नजरेत घ्यावे. चांदण्यात बारीक उल्का दिसत नाहीत, म्हणून चांदाची तारीख आधी पाहावी. तारा तुटताना मागितलेले मिळते, असेही मुलांना सांगू नये. दुआसाठी कुठल्या ताऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

मिथुन रास रात्री दोनच्या सुमारास डोक्यावर येते आणि तेव्हाच उल्का जास्त दिसतात. तहज्जुदला उठणाऱ्यांनी वुजू करून घटकाभर परसात थांबावे. आमच्या दादी आता थांबतात. परवा पाहिले, तर शेजारी गोधडी गुंडाळून धाकटीही बसली होती.