रिकामी जागा कुणाची?

मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, असं मलाही वाटायचं. सुट्टीत धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहिलं अन् मत बदललं. मिठी नदी माहीमच्या खाडीत समुद्राला भेटते, तिथलीच ही ३७ एकरांची हिरवाई. पायाखाली मात्र मुंबईचा जुना कचरा! १९८३ पासून तिथे झाडं लावली गेली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. वर भरती. मिठीला पसरायला जागाच नव्हती; ती आपणच भराव टाकून बुजवली होती.

उद्या आपण इंजिनिअर होऊ. नकाशावर खाडीकाठी रिकामी जागा दिसली, तर पेन्सिल उचलण्याआधी एवढंच आठवा: ती रिकामी नाही, पाण्याची आहे.